न दुखलेला पाय

"चारशे मीटर झाले की ट्रॅक सोडायचा. शेवटच्या फेरीची घंटा वाजली की तू ट्रॅकवर दिसायला नको. कळलं का गं, अर्धा कोयता?"

आम्हाला पळणं शिकवणारे सर असं म्हणाले तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होते. बाजूच्या मुली हसल्या. मीही हसले. अपमान झाला की आधी आपणच हसायचं, ही सवय मला तेव्हा होती.

बीडच्या मैदानावर विभागाच्या स्पर्धा होत्या. आठशे मीटर म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. पहिली फेरी मी जीव तोडून पुढं काढायची. आमच्या क्रीडा संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी, ऋतुजा, तिनं माझ्या पाठीच्या आडोशानं पळायचं. मग मी बाजूला व्हायचं आणि दुसरी फेरी तिची. ह्याला पेस देणं म्हणतात. परदेशात पेस देणाऱ्याला मान असतो, असं सर सांगायचे. मला मान नव्हता. मला नाव होतं.

ते नाव माझंच मी ओढवून घेतलं होतं. संस्थेच्या वसतिगृहात आले त्या दिवशी क्लार्कनं फॉर्म भरताना विचारलं, "वडील?" म्हटलं, वारले. "आईचा व्यवसाय?" मी म्हणाले, "अर्धा कोयता." क्लार्कनं पेन खाली ठेवलं आणि सरांना हाक मारली. "सर, इकडं या, ऐका ही काय म्हणती!"

मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. शिरूर कासारच्या आमच्या वस्तीत लहान पोराला विचारा, ते हेच सांगेल. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊस तोडायला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटी बाई अर्धा कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. वडील गेल्यावर आई अर्धी झाली. मग मी हाताखाली आले, दोन हंगाम तिच्याबरोबर मोळ्या उचलल्या आणि आम्ही दोघी मिळून पुन्हा एक कोयता झालो. नंतर शाळेतल्या बाईंनी माझं पळणं पाहिलं आणि मला बीडला धाडलं. म्हणजे आईला परत अर्धी मी केली.

निघताना आई एवढंच म्हणाली, "माजं अर्ध्यावर भागंल. तू मातर हातात घेतलंय ते पुरं कर."

आता त्या शर्यतीचं सांगते. दुसऱ्या दिवशी आईची टोळी निघणार होती. त्याआधी मला पळताना एकदा बघावं म्हणून ती सकाळच्या एसटीनं आली. हिरव्या लुगड्यात, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी बाजरीच्या भाकरी. कठड्याला धरून उभी राहिली. मी पेस देणार आहे, हे तिला सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली. वाटलं, लांबून तिला काय कळणार?

पिस्तूल वाजलं. पहिली फेरी मी अशी काढली की बघणारे उठून उभे राहिले. ऋतुजाच्या बुटांचा आवाज सारखा पाठीशी. आईसमोरून गेले तेव्हा तिचा हात वर झालेला दिसला. कधी नव्हे ती माझी आई ओरडत होती. चारशे मीटर झाले. मी सरांकडं पाहिलं. सरांनी बोटानं 'बाहेर' अशी खूण केली. आणि मी ट्रॅक सोडला. दमले नव्हते, पायात गोळा आला नव्हता. सांगितलं म्हणून थांबले.

आई कठडा ओलांडून धावत आली. तिला वाटलं, पोरीचं काहीतरी मोडलं. मैदानावर फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेषा तुडवत ती आली आणि सर खेकसले, "ए बाई! फक्की पुसली ना सगळी! हो बाहेर. कुठून कुठून येतात!"

मी म्हणायला हवं होतं, सर, ही माझी आई. मी बुटाची नाडी सोडायला वाकले.

आईनंच विचारलं, "कावून थांबली गं? पाय दुकला का?"

मी म्हणाले, "हो."

समोर ऋतुजा सगळ्यांच्या पुढं दुसरी फेरी संपवत होती. निवडीला लागणारी वेळ तिनं गाठली, आशियाच्या ज्युनियर स्पर्धेच्या तयारी शिबिरासाठी तिची निवड झाली, फोटो निघाले. आणि आई कठड्याबाहेर खाली बसून माझा उजवा पाय मांडीवर घेऊन चोळत होती. धडधाकट पाय. उसाच्या पाल्यानं चिरलेले तिचे तळवे, खरखरीत. "हितं दुकतंय? का हितं?" मी आपलं जागा दाखवत राहिले. हितं. थोडं खाली. हं, तिथंच. तिच्या लुगड्याच्या काठाला फक्की लागली होती. तशीच ती एसटीत बसली, तशीच दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर गेली.

त्या हंगामात तिचे तीन फोन आले. तिन्ही वेळा पहिला प्रश्न, "पाय कसा हाय?" मी म्हणायचे, बरा आहे. तिसऱ्या फोनवर म्हणाली, "लई पळू नको दुकत आसताना. न्हाई झालं पुरं तर न्हाई झालं." पुरं कर म्हणणारी माझी आई माझ्या खोट्या दुखण्यापुढं तिचा शब्द मागं घेत होती.

चौथा फोन मुकादमाचा आला. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना आई पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती.

तेव्हापासून माझा उजवा पाय दुखतो. नेमका तिनं चोळला तिथंच. डॉक्टरांना दाखवला, फोटो काढला, काही निघालं नाही. जिना चढताना, बसमध्ये उभी असताना, कधीही तिचे खरखरीत तळवे पोटरीवर येतात. हितं दुकतंय? का हितं? कुणाला सांगितलं तर म्हणतील, पोरीला वेड लागलं. म्हणोत.

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सर घरी आले. पत्र्याच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आईचा फोटो ठेवला होता. सरांनी फुलं वाहिली. मला वाटलं, माणूस बदलला. बाहेर येऊन म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुण्याला निवड चाचणी हाय. संघ तिथंच ठरणार. ऋतुजाला शिबिरात एकटीनं पळून ती वेळ येईना झालीय. तू चल. अर्धंच तर पळायचंय."

अर्धंच तर.

त्या शब्दासरशी माझ्या डोक्यात लख्ख झालं. ऋतुजाला फॉरेनला न्यायचं तर माझी फेरी लागते. माझ्याशिवाय त्यांची गाडी हलत नाही. कारखान्याचंही तेच आहे. आईला अर्धी म्हणणाऱ्यांची साखर आईशिवाय होत नव्हती. ज्याच्यावाचून अडतं त्यालाच अर्धं म्हणायचं, म्हणजे तो आपली किंमत विचारत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला आई गमवावी लागली.

मी म्हणाले, "येते."

पुण्याचा ट्रॅक तांबडा, रबरी. तिथं फक्की नव्हती, पुसायची भीती नव्हती. पहिली फेरी मी ठरल्याप्रमाणं काढली. ऋतुजाचे बूट पाठीशी. घंटा वाजली. सर ओरडले, "सोड! बाहेर हो!" मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि पळत राहिले.

ऋतुजा गोंधळली. तिला वाट मोकळी मिळायची सवय होती. सर आतल्या गवतावरून माझ्या बरोबरीनं धावत होते, "अगं ए, माजलीस का?" सहाशे मीटरला माझी छाती फुटायला आली. पहिली फेरी दुसऱ्यासाठी उधळायची सवय झालेली, स्वतःसाठी राखून कसं पळायचं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. ऋतुजा पुढं गेली. आणखी दोघी गेल्या. शेवटच्या सरळ रेषेत डोळ्यांपुढं अंधारी आली. चौथी आले. पण रेषा ओलांडली.

ऋतुजाची वेळ हुकली. तिचं विमान गेलं. माझं तर नव्हतंच. ती माझ्याजवळ आली, दोघी वाकून धापा टाकत होतो. म्हणाली, "आधी सांगायचंस तरी." मी म्हणाले, "मला कुणी विचारलं होतं?" तिचा राग मला तेव्हाही नव्हता.

त्याच दिवशी वसतिगृहातून माझं नाव कमी झालं. सर म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागली नाहीस. आता जा ऊस तोडायला."

मी गेले नाही. शिरूरला राहते, दुकानात काम करते आणि पहाटे माळावर पळते. पहिली फेरी जोर राखून, दुसरी जीव सोडून. सहा महिने लागले हे शिकायला. पुढच्या निवड चाचणीचा फॉर्म परवा भरला, कुठल्या संस्थेचं नाव न लावता. त्यात आईच्या व्यवसायाचा रकाना होता. मी लिहिलं, ऊसतोड कामगार. त्यापुढं लिहिलं, एक पूर्ण कोयता. खिडकीतला माणूस म्हणाला, "हे खोडा, असं लिहीत नाहीत." मी खोडलं नाही. तसाच घ्यायला लावला.

परदेशात पळेन की नाही, मला ठाऊक नाही. पाय अजून दुखतो. दुखू दे. आई, त्या दिवशी तो दुखत नव्हता. मी खोटं बोलले. हे मी तुला आता रोज सांगते, त्या माळावर, मोठ्यानं.

आणि बाकीच्यांना एवढंच सांगते. घंटा वाजल्यावर मला ट्रॅकबाहेर काढायचं असेल, तर यापुढं बोट दाखवून भागणार नाही. चौघांनी उचलून न्यावं लागेल.