अबू घस्सानचा पासवर्ड

विसराळू माणसांवर ज्याचं पोट चालतं त्यानं खरं तर त्यांच्याशी गोड बोलावं. घस्सानला ते कधीच जमलं नाही. बगदादच्या सिनाआ रस्त्यावर, कॉम्प्युटरच्या दुकानांच्या दाटीत, एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. पासवर्ड विसरलेली माणसं रडवेल्या चेहऱ्यानं डिस्क घेऊन यायची आणि घस्सान आधी त्यांची हजेरी घ्यायचा.

"फाईल तुमचीच ना?"

"अल्लाशपथ, माझीच."

"मग पासवर्ड काय शेजाऱ्यानं ठेवला होता?"

एवढं तोंडसुख घेतलं की चहा मागवायचा आणि कामाला लागायचा. लोकांना वाटायचं हा कुलूप फोडतो. तो कुलपाला हातही लावत नसे. फाईलमधून पासवर्डचा ठसा तेवढा काढून घ्यायचा, मग एकेक शब्द यंत्रात दळायचा आणि निघालेला ठसा त्या ठशाशी जुळतो का ते पाहायचा. दळायला जाडजूड ग्राफिक्स कार्डं आणि दळण म्हणून शब्दांची यादी. कार्डं कोणीही विकत आणतो. खरी कमाई यादीची, आणि ती घस्सानची होती. थोरल्या मुलाचं नाव काय, आजोबांचं काय, टोळी कुठली, फुटबॉलचा क्लब कुठला, लग्न कुठल्या साली, असं विचारत विचारत तो गिऱ्हाइकाचा सगळा संसार यादीत उतरवायचा.

बायकांची नावं मात्र कधी विचारली नाहीत. भरल्या दुकानात एखाद्या भल्या माणसाला "तुमच्या आईचं नाव काय हो?" असं विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायची सोय राहिली नसती. गिऱ्हाईक सांगत नसे, हा विचारत नसे, आणि पुष्कळदा त्यावाचून भागतही असे.

त्या उन्हाळ्यात मात्र त्याचा बाप आडवा झाला.

बाप हिकमत, भूगोलाचा निवृत्त मास्तर. गल्लीत त्याला हिकमत कोणी म्हणत नसे, थोरल्या मुलावरून अबू घस्सान, म्हणजे घस्सानचा बाप. गळा असा, की लग्नघरी तो मकाम, म्हणजे तिथले राग, गायला बसला की जेवण वाढणारेसुद्धा थबकायचे. झटका आला आणि उजवं अंग गेलं, त्याबरोबर बोलणंही गेलं. सगळं कळायचं, डोळ्यांत सगळं दिसायचं, पण तोंडून नुसता घोगरा आवाज यायचा. काही मागायचं असलं की तो डाव्या हातानं चादर घट्ट धरायचा, आणि काय हवंय ते कोणाला कळलं नाही की डोळे मिटून घ्यायचा. घस्सानला ते बघवत नसे.

इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "शब्द अडकलेत. गाणं पुष्कळदा शाबूत असतं. त्यांचंच गाणं त्यांना ऐकवा, त्याला धरून एखादा शब्द बाहेर येतो. पण आताच करा. पुढं पुढं कठीण होत जातं."

गाणी होती. निवृत्तीनंतर अबू घस्साननं स्वतःची कितीतरी गाणी कॉम्प्युटरवर भरून ठेवली होती, आणि ती सगळी कुलूपबंद होती. कुलूप लावायला घस्साननंच शिकवलं होतं. शिकवताना वर थट्टाही केली होती, "पासवर्ड असा ठेवा बाबा, की मलासुद्धा सापडू नये." म्हातारा आज्ञाधारक निघाला.

आईला एकटीनं बापाला कुशीवर वळवणं झेपत नव्हतं, म्हणून घस्साननं दुकान बंद केलं आणि यंत्र घरी आणलं. थंड हवेची खोली एकच, बापाची. यंत्रही तिथंच. सरकारी वीज होती तोवर ठीक चाले. ती गेली की गल्लीतल्या जनरेटरची तार, आणि त्या तारेवर एक तर बापाचा कूलर चाले, नाही तर यंत्र. दोन्ही लावलं की खटका पडायचा. बापाला घामाच्या धारा लागायच्या तेव्हा यंत्र पळत असायचं, आणि बापाला गार वाटायचं तेव्हा त्याचं बोलणं लांबणीवर पडत असायचं. घस्सान त्या खटक्यापाशी उभा राहायचा आणि त्याला कळायचं नाही की आपण कुठल्या बाजूनं बापाचा जीव घेतोय.

यादीत त्यानं आधी स्वतःचं नाव घातलं. त्यात काय विचारायचं? बापाला जग ज्या नावानं हाक मारतं ते नाव! घस्सान, मागे जन्मसाल, पुढे जन्मसाल, उलटं, सुलटं. जुळलं नाही. मग आजोबा, पणजोबा, चुलते, मकामांची नावं, नद्यांची नावं, भूगोल शिकवलेल्या शाळांची नावं. काही म्हणजे काही नाही.

मग त्यानं यंत्राला दोष द्यायला सुरुवात केली. एक कार्ड तापून मध्येच गप्प व्हायचं. त्यानं ते उघडून धूळ काढली, नवा लेप लावला. जनरेटरचा दाब घसरला की यंत्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. कार्ड चालवणारा नवा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून जुना टाकला. तरी ठसा काही जुळेना. शेजारच्या दुकानातला सरमद समून पाव घेऊन भेटायला आला, तर हा कार्डाला शिव्या घालत बसलेला.

"गिऱ्हाइकांना काय सांगतोस रे तू?" सरमद म्हणाला. "आधी स्वतःला ठाऊक असलेल्या पासवर्डची एक फाईल बनवा, ती सापडते का बघा, मग यंत्राला नावं ठेवा. तू बघितलंस?"

"मला अक्कल शिकवतोस?"

"तुझीच तुला परत देतोय, दोस्ता. माझ्याकडे स्वतःची कुठून असणार?"

सरमद गेल्यावर घस्साननं तशी फाईल बनवली. यंत्रानं ती हां हां म्हणता उघडून दाखवली. कार्डं ठीक, ड्रायव्हर ठीक, वीजसुद्धा पुरेशी. चूक यादीत होती, आणि यादी त्याची होती.  बापाला आपण ओळखतो यावर त्याचा फार भरवसा होता.

दुपार होती. सरकारी वीज गेलेली, कूलर बंद, यंत्र चालू. आई ताडपत्राच्या पंख्यानं बापाला वारा घालत होती. पडद्यावरची यादी बघत ती म्हणाली, "सगळे पुरुषच दिसतात की रे. या घरात बाया नव्हत्या का?"

घस्सान गडबडला. "तसं विचारायची पद्धत नाही आई."

"कोणाला विचारतोयस? मी काय गिऱ्हाईक आहे?"

कान लाल झाले तरी त्यानं घातली. आजी, आत्या, आणि शेवटी चोरट्यासारखं आईचं नाव, नाझिमा. पडद्यावर ते बघून आई लाजली आणि हसली. "माझं नाव? लग्नात काझीसमोर एकदा घेतलं असेल. त्यानंतर मी आपली उम्म घस्सान."

यंत्रानं दळलं. जुळलं नाही.

"झाली सगळी?" आईनं विचारलं.

"झाली."

"झाली?"

तिनं पंखा थांबवला होता. बाप छताकडे बघत होता आणि त्याच्या गळ्यावर घाम चमकत होता. घस्सानला कळलं होतं. खरं म्हणजे आजीचं नाव टंकतानाच कळलं होतं.

त्याला धाकटी बहीण होती, सुहाद. सुलेमानियाच्या एका कुर्दी मुलाशी तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हा घस्साननं दारात उभं राहून शपथ घातली होती की यापुढं या घरात तिचं नाव निघालं तर माझा या घराशी संबंध संपला. घर त्याच्या कमाईवर चालत होतं. बाप काही बोलला नाही. बाप आपल्याच बाजूचा आहे असं घस्साननं तेव्हा धरून टाकलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. आता विचारलं तरी उत्तर कसं येणार होतं?

त्यानं उगाच कार्डाचं तापमान पाहिलं. उगाच एक तार काढून पुन्हा घातली. पाणी प्यायला. उठून जावं म्हटलं तर जायचं कुठं? बाहेर गल्लीत ऊन आग ओतत होतं, आणि आत ही खोली, तीन माणसं आणि ते नाव.

"तुला नसेल घालायचं तर कूलर लाव," आई म्हणाली. "त्यांना उकडतंय."

त्यानं नाव टंकलं.  मागे तिचं जन्मसाल लावलं. ते त्याला आठवावं लागलं नाही. यंत्राला पंख्याचा आवाज मोठा करायलाही वेळ मिळाला नाही. ठसा जुळला.

गाणी होती, खूप होती. घस्साननं पहिलंच लावलं. आधी खाकरल्याचा आवाज, मग बापाचा तो जुना, भरदार आवाज, "सुहाद, बाळा, तू गेल्यावर हे बसवलंय. ऐक, आणि कुठं बिघडलं ते सांग." मग गाणं. त्यानं दुसरं लावलं, तिसरं लावलं. प्रत्येकाच्या सुरुवातीला तीच हाक. घस्सान असं नाव एकाही गाण्याआधी नव्हतं.

बाप वळायचा प्रयत्न करत होता. आईनं त्याला आधार दिला. आवाज चढत गेला तसे त्याचे ओठ हलू लागले, आधी नुसती हवा, मग सूर, वाकडातिकडा पण त्याचाच. आणि गाणं संपून पुढच्याची हाक आली तेव्हा रेकॉर्डिंगमधला हिकमत आणि खाटेवरचा हिकमत दोघं बरोबर म्हणाले, "सुहाद."

आई रडू लागली. घस्साननं आवाज बंद केला. बाप थांबला नाही. दाराकडे बघत तो परत म्हणाला, "सुहाद?" या वेळी ती हाक नव्हती, चौकशी होती.

 घस्सान आईवरच उखडला. "एवढं गाऊन ठेवलं, तर पाठवलं का नाही तिला? कुलूप लावून कशाला ठेवलं?"

आईनं ओढणीच्या टोकानं नवऱ्याचं तोंड पुसलं.

"पाठवायचं कसं, ते या घरात तुला एकट्यालाच येतं," ती म्हणाली.

बाप अजून दाराकडेच बघत होता.