सिस्टरने नाव विचारलं होतं

माझ्या नवऱ्याला दुसऱ्या पेशंटचं इंजेक्शन दिलं गेलं आणि हे गेले.

आज वर्ष झालं.

पायाच्या जखमेसाठी यांना यवतमाळला ॲडमिट केलं होतं. तापानं ग्लानी होती. शेजारच्या खाटेवर शुगरचा पेशंट, तोही राठोड. तो तेव्हा एक्स-रेला गेला होता.

सिस्टर इन्शुलिन घेऊन आली.

"राठोड ना?"

"हो," मी म्हणाले.

"पूर्ण नाव सांगा."

आमच्या तांड्यावर बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी पदर तोंडाला लावून हसले.

"काहो मावशी, उखाणा घेता का आता?" तीही हसली. "बरं, राठोडच ना?"

"हो."

थोड्या वेळानं यांना घाम फुटला. मला वाटलं, ताप उतरतोय. दीर जेवायला उठवत होता. मीच म्हणाले, "झोपू दे त्यांना."

हे उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

चौकशी लागली. सिस्टर सांगत होती, मी नाव विचारलं होतं. तिच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. तिनं विचारलेलं ऐकणारी मी एकटीच.

दीर म्हणाला, "वैनी, तुमी कायले मधात पडता? विचारलंच नाही म्हना. नाही तं सारं तुमच्यावरच येईन."

मी सातवी शिकलेली. वाचनालयात, मोबाइलवर मिळेल ते वाचत राहिले. दवाखान्यातल्या चुकांचेही प्रकार असतात. हात चुकतो. ध्यानातून जातं. समज चुकते. किंवा नियम माहीत असून माणूस तो सोडून देतो.

सिस्टरची चूक त्यात सापडली, शेवटची.

माझी सापडली नाही. लाजेला तिथे कप्पाच नव्हता.

एक मात्र कळलं. "राठोड ना?" असं विचारलं तर कोणीही हो म्हणतं. "नाव काय?" असंच विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत सुई टोचू नये.

जबाबात मी सगळं लिहिलं. तिनं विचारलं, मी सांगितलं नाही. तिनं केसपेपर पाहायला पाहिजे होता, तेही लिहिलं.

दीर अजून माझ्याशी बोलत नाही. चौकशीचा निकालही आलेला नाही.

अहो,

गणपत सोमला राठोड.

मोठ्यानं म्हणत टाइप करते आहे.

त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं.