लाल ठिपक्याच्या गोगलगायी

"चला गं, उठा! आल्यात!"

पावसाळ्यात भल्या सकाळी आमच्या बिल्डिंगच्या मागून ही आरोळी यायची आणि पाठोपाठ बादलीवर चिमटा आपटल्याचा आवाज. नवीन भाडेकरू पाण्याचा टँकर आला असं समजून हंडे घेऊन खाली धावत. खाली आमच्या तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी, हातांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून, गोगलगायी वेचत असायच्या.

गोगलगाय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर इवलीशी काहीतरी येईल. ही ती नव्हे. ही मुठीएवढी, तपकिरी पट्ट्यांची, कधीकाळी आफ्रिकेतून आलेली. मुंबईत मरोळला आमच्याकडे पूर्वी एखाददुसरी दिसायची. गणपती गेले की पाऊस ओसरायचा, माती सुकायची आणि ह्या बया शंखाचं तोंड बंद करून झोपी जायच्या. आता दिवाळीचे कंदील भिजतात, मग झोपायचं कधी? नुसतं खायचं आणि अंडी घालायची, तीही शेकड्यांनी. मावशींचा अळू गेला, पपई गेली, मग ह्या बया भिंतीचा चुना चाटायला लागल्या.

"बाप्पा, बाप्पा! अवो, भिंत खातात ह्या!" मावशी ओरडल्या. त्या मूळच्या अकोल्याकडच्या, आश्चर्य वाटलं की बोली आपोआप तिकडची व्हायची. आणि त्यांना आश्चर्य दिवसातून दहादा वाटायचं. एकदा माझं ब्लाउजचं माप घेता घेता, तोंडात टाचण्या तशाच धरून, त्या मला मागच्या दारी ओढत घेऊन गेल्या. का, तर कुंडीखाली साबुदाण्यासारखी अंडी सापडली होती. माप राहिलं ते राहिलंच. तो ब्लाउज मला अजून खांद्यावर घट्ट होतो.

वेचलेल्यांचं करायचं काय, हा खरा प्रश्न होता. आमच्या सेक्रेटरींनी मिठाचं पाणी सुचवलं तर मावशींनी कानांवर हात ठेवले. त्या रोज सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीसमोर पंचशील म्हणायच्या, आणि त्यातलं पहिलंच शील जिवाची हत्या न करण्याचं. मावशी झुरळसुद्धा सुपलीत घेऊन बाहेर सोडायच्या.

"मारायचं कशाला? आरेचं जंगल एवढं हिरवंगार पडलंय. खातील बिचाऱ्या पोटभर."

मग काय, पिशवी मांडीवर घेऊन मावशी आरेच्या बसमध्ये. कंडक्टरने विचारलं, "मावशी, काय आहे आत?" ह्या म्हणाल्या, "पाहुणे आहेत, सोडायला चाललेय." शेवटी उत्साहाचं भरतं आलं तेव्हा त्यांनी प्रत्येक शंखावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. "परत येतात का बघू या ना!" एकही परत आली नाही. मावशी इतक्या खूश, की सगळ्या मजल्यांवर जिलबी वाटली.

आमच्या गेटपाशी आरेतल्या पाड्यावरची एक भाजीवाली बसायची. घराभोवतीच्या वाफ्यातली काकडी, शिराळी, पालेभाजी आणायची. मावशींशी तिचं गूळपीठ. गणपती झाल्यावर एक दिवस ती आली ती रिकामी टोपली घेऊन.

"काय देऊ बाय? सगळा खाल्ला. वेल नाय, रोप नाय, काय नाय ठेवला." तिने टोपलीतलं पान बाजूला केलं. पानाखाली दोन गोगलगायी होत्या. दोघींच्या पाठीवर लाल ठिपका.

मावशी खाली बसल्या, अगदी रस्त्यात. मग त्या भाजीवालीचा हात धरून म्हणाल्या, "माझंच काम आहे हे, बाई. मीच आणून सोडल्यात."

भाजीवालीला आधी ते खरंच वाटेना. पटलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग ये वेचायला."

दुसऱ्या दिवशी पहाटे काय वरात निघाली आमची! पाच बायका, बादल्या, चिमटे, झारे. बसमधले लोक बघतच राहिले. मावशी पुढे. "इकडे गं! पानाखाली बघ! दगड उलटव!" चिखलात घसरत, हसत, एकमेकींना हाका मारत आम्ही बादल्या भरल्या. मला इतकी मजा शाळेच्या सहलीतही आली नव्हती.

भरलेल्या बादल्या बघून मात्र सगळ्याच थांबल्या. भाजीवालीने मीठ आणून ठेवलं होतं. ती स्वतः ते टाकायला पुढे झाली, तशी मावशींनी तिला अडवलं.

"तू नाही. कुणीच नाही. मी सोडल्यात, मीच मारणार. दुसऱ्याच्या हातून करून घेतलं तर ते काय वेगळं होतं?"

त्यांनी हात जोडले, मग मीठ टाकलं. रडत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

त्यानंतर दर पावसाळ्यात मावशी आरेला जायच्या. तशाच आरोळ्या मारत, तशाच उत्साहात. पुढच्या वर्षी वाफ्यात काकडी लागली तेव्हा भाजीवालीपेक्षा जास्त ह्याच नाचल्या. पण बुद्धपौर्णिमेला गल्लीतल्या विहारात सगळे पंचशील म्हणत होते तेव्हा मी बघितलं, पहिल्या शीलाला मावशी ओठ घट्ट मिटून उभ्या. दुसऱ्यापासून त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, झालं ना आता? काकडी आली की. म्हणा ना ते पण."

"अगं, काल आरेत दगडाखाली झोपलेल्या निघाल्या. यंदा पण जावं लागणार. आज म्हणायचं आणि पावसाळ्यात मारायचं, असं खोटं कसं बोलू?" त्या म्हणाल्या. "निघायच्या थांबल्या की म्हणेन."

मावशी गेल्या वर्षी वारल्या. आरेत गोगलगायी अजून निघतात.