कोरड्यास

काकूच्या घरी जेवताना ‘छान’ म्हणायला बंदी होती. कुणी म्हणालंच, तर तिच्या हातातली पळी जागच्या जागी थांबायची. “छानला चव नसती. जिभंला काय लागतंय ते सांग.” मग आम्ही पोरं घास घोळवत शब्द शोधायचो. अंबाडी आंबट की आंबूस? मेथी कडू की कडसर? नेमका शब्द सापडला की काकू खूश, आणि ताटात भाकरीचा आणखी एक चतकोर पडायचा.

काकू म्हणजे माझी सख्खी चुलती. आई दिवसभर शेतावर, त्यामुळं सिरसाळ्याच्या घरात मी वाढले ती काकूच्याच चुलीपुढं. चतकोराचा निम्मा तो नितकोर, हेही मला तिथंच कळलं. पुढं घरोघरी मोबाइल आले, तेव्हा ती ताट वाढायच्या आधी हात पुढं करू लागली. “द्या हिकडं. जेवताना जेवावं माणसानं.” एकदा गावच्या पुढाऱ्याचा फोनही तिनं पिठाच्या डब्यात ठेवला. तो आत वाजत राहिला आणि पुढारी बिचारा मुकाट जेवला.

मला पाहायला पुण्याचं तालेवार स्थळ आलं, तेव्हा घरचे हरखून गेले होते. काकूनं येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी केली होती. मुलाची आई “छान आहे” म्हणाली. पाहुण्यांपुढं काकूनं ओठ मिटून घेतले. मी वाढायला वाकले आणि सवयीनं विचारलं, “अजून कोरड्यास वाढू?”

भाकरीशी खायच्या कालवणाला आमच्याकडं हाच शब्द आहे. त्या बाई हसल्या. “मुलगी पसंत आहे. बोलणं तेवढं शुद्ध करून घेऊ.” माझे वडील मान डोलावत होते. माझी कानशिलं तापली.

काकूनं आमटीचं भांडं खाली ठेवलं. “शुद्ध पायजे आसंल तर पाणी गाळून प्या, बाई. आमची पोरगी गाळून मिळायची न्हाई.”

स्थळ मोडलं. आत्यानं आकाशपाताळ एक केलं. ‘पोरीचं वाटोळं केलंस’ हे काकूनं मरेपर्यंत ऐकून घेतलं, पण माफी मागितली नाही. मला मात्र त्याच संध्याकाळी तिनं विचारलं, “तुला काय वाटतंय? बरं-बिरं सांगू नगंस.”

“हलकं वाटतंय,” मी म्हणाले.

“हां. ह्यो शब्द बराबर हाय.”

आज मी माजलगावच्या शाळेत मराठी शिकवते, एकटी राहते आणि फोन पिठाच्या डब्यात ठेवून जेवते. मजेत आहे.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेली. तेराव्याला अंगणात पंगत बसली आणि वाढपी ‘भाजी, भाजी’ करत फिरू लागला. तिच्याच दारात मला ते सहन होईना. मी त्याच्या हातातली बादली घेतली आणि पंगतीत शिरले. “कोरड्यास घ्या, कोरड्यास!” आवाज खणखणीत निघाला.

आत्यानं माझा पदर ओढला. “भाजी म्हण की गं. पाव्हणे बसलेत.”

“पाणी गाळून ठेवलंय, आत्या,” मी म्हणाले. “कोरड्यास वाढू?”