माहेरचा मासा

सरोवराच्या काठावर नाई तिओर्माचं नवं घर उभं राहिलं, पत्रे चढले, दारंखिडक्या बसल्या, आणि घरमालकीण मात्र मागच्या धुरकट स्वयंपाकघरातच पथारी टाकून राहिली. नाई तिओर्मा म्हणजे तिओर्माची आई. आमच्या तोबा सरोवराकडे बाईला लेकरू झालं की तिचं स्वतःचं नाव देवालाच काय ते ठाऊक उरतं. लेक मेदान शहरात नर्स, घर तिच्याच कमाईचं. ती फोनवर चिडायची, की आई, कुलूप लावून ठेवायला बांधलं का ते? आईचं उत्तर ठरलेलं. भावाचा मासा पुढं गेल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही.

तिचं चुकत नव्हतं. नव्या घरात बाईनं पाऊल टाकायचं ते माहेरच्या माशामागून. हळद आणि जीभ झिणझिणवणारी रानमिरी घालून आटवलेले अख्खे मासे भावानं ताटात ओळीनं मांडून आणायचे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, घरमालकिणीकडे. माणसं एका वाटेनं चालली की घर टिकतं, एवढाच त्यातला अर्थ. भाऊ एकच, हापोसान. आणि तो पाच वर्षं बहिणीच्या दारात आला नव्हता.

भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, आमची भांडणं एका डुकराच्या जेवणावर मिटतात. अडचण देवाच्या नावाची होती. नाई तिओर्मा लुथरन घरात जन्मली, कॅथलिक घरात दिली. नवऱ्यामागं त्याच्या देवळात बसू लागली आणि नवरा गेल्यावर ताडीचा गुत्ता चालवून तिनं लेकीला शिकवलं. रविवारी गाव तीन देवळांत वाटलं जाई, शनिवारी दुपारी मात्र सगळे तिच्या बाकांवर. पहिला पेला पोटात गेला की गाणं सुरू व्हायचं. लुथरन मंडळीतले वडीलधारे मारुलाक खालचा जाड सूर धरायचे, कॅथलिकांचा जाउंकाप मधला, आणि सगळ्यांच्या वर हापोसान, गाता गाता बाकांमधून फिरणारा. त्याचा सूर चढला की कोळी वल्ही थांबवून ऐकत बसायचे.

तोच हापोसान पिऊन पिऊन मरणाच्या दारात गेला. गावानं आशा सोडली. पेंटेकोस्टल मंडळीचे पाळक साउरडोट तेवढे उशाशी बसून प्रार्थना करत राहिले. तो उठला, सरोवरात बुडी मारून नवा बाप्तिस्मा घेतला आणि शपथ वाहिली, जिथं ताडी ओतली जाते तिथं पाय ठेवणार नाही. तेव्हापासून गुत्त्यातलं गाणं अळणी झालं. नाई तिओर्माला त्या पाळकांचा राग यायचा आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची. भाऊ त्यांनी नेला खरा, पण वाचवलाही त्यांनीच. ताडी ओतणारा हात तर तिचाच होता.

शेवटी ती त्याच्या भातखाचरावर गेली. आमच्यात बहीणभाऊ एकमेकांना इतो म्हणतात.

“इतो, मासा आणतोस की मी म्हातारी होऊन चुलीपाशीच मरू?”

“मासा आणीन गं. पण तुझ्या ओसरीतच गुत्ता. शपथ मोडू का?”

“तू शपथ मोडू नकोस. एका दिवसापुरता मी गुत्ता मोडते.”

ही बातमी बाकांवर पोचली तेव्हा मारुलाकांचा चेहरा उतरला. ताडीशिवाय गृहप्रवेश म्हणजे देवालाही कोरड्या घशानं आशीर्वाद द्यावा लागणार, असं त्यांचं म्हणणं. जाउंकाप म्हणाला, प्रभूनं काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, नाई तिओर्माकडे बिचाऱ्याला उलटं काम करावं लागेल. कुरकुर केली, पण दोघांनी मिळून ताडीनं भरलेले बांबूचे नळे उचलले आणि मारुलाकांच्या परसात सुखरूप ठेवले. किती सुखरूप, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

ठरल्या सकाळी अंगणात चटया पडल्या. रक्तात शिजवलेल्या डुकराचं पातेलं एका चुलीवर, ते न खाणाऱ्यांसाठी कोंबडीचं दुसऱ्या. नाई तिओर्मा दाराशी उभी, नजर वाटेवर. हापोसान आला. डोक्यावर ताट, मागं बायको आणि पाळक साउरडोट. त्यानं ताट उंबऱ्यासमोर ठेवलं आणि बहिणीनं पदर सावरला.

मारुलाकांना मात्र धीर धरवला नाही. पहिली प्रार्थना आमची, पोर आमच्या मंडळीत जन्मली, म्हणत त्यांनी ताट आपल्याकडे वळवलं. जन्मली तिकडे, पण घर आमच्यातलं, आणि फादरांनी पवित्र पाणी माझ्याजवळ दिलंय, म्हणून जाउंकापनं ते आपल्याकडे ओढलं. साउरडोटांनी तर डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवातही करून टाकली होती. या ओढाताणीत एक मासा घसरला आणि शेपटी पुढं करून उलटा बसला.

सगळे ताटाकडे वळले. माशांनी दोन दिशा धरल्या म्हणजे घर दुभंगणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

हापोसान वाकला आणि त्यानं बोटांनी मासा अलगद सरळ केला.

“तुमच्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत ना रे?” मारुलाकांनी टोमणा मारला.

“नाही मानत,” हापोसान म्हणाला. “पण मासा सरळच बरा दिसतो.”

हसू फुटलं, ते आधी पाळकांना. त्यांनी ताट स्वतःच्या हातांत उचलून घेतलं, की आता कुणी ओढू नये. म्हणाले, आधी गा, प्रार्थनेचं मागून बघू.

हापोसाननं गळा साफ केला. तिन्ही देवळांत एकाच चालीवर म्हणतात असं एक स्तोत्र त्यानं उचललं. मारुलाक खालून आले, जाउंकाप मधे शिरला. शब्द तिघांचे तीन तऱ्हेचे, ज्याच्या त्याच्या देवळातले, आणि कुणाचं कुणाला अडलं नाही. गाता गाता हापोसान नेहमीच्या खोडीनं चालू लागला, दारातून सरळ आत. वरचा सूर लागला तसं नाई तिओर्माला रडू कोसळलं. तिला फार आनंद झाला होता.

गाणं संपलं आणि मारुलाकांनी कपाळावर हात मारला. “अगं बये, तू आत कशी? मासा बाहेरच!”

ती खरोखरच घराच्या मधोमध उभी होती, भावाच्या पाठीशी. उंबरा कधी ओलांडला ते तिलाच कळलं नव्हतं.

“राहू दे,” ती पदराला डोळे पुसत म्हणाली. “मला याचा आवाज हवा होता. मासा काय, निमित्त.”

मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. पाळक साउरडोट ताट धरून उंबऱ्याबाहेर अवघडून उभे होते.

“या, पाळकसाहेब,” नाई तिओर्मा म्हणाली. “तुम्ही याला जितं ठेवलंत म्हणून आज हा गायला. आता माझा मासा तुम्हीच आत आणा.”

त्यांनी ताट जपून आत आणलं. मासे सगळे सरळ होते, तिच्याकडे तोंड करून.