सत्यशीला आत्याची आणेवारी

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या केदारखेड्यात शेंबड्या पोरालाही आणेवारी कळायची. पीक सोळा आणे म्हणजे भरपूर, चार आणे म्हणजे बोंबाबोंब. सत्यशीला आत्यानं आपली डोकेदुखी याच मापानं मोजली, एवढीच तिची चूक.

आत्या शाळेत चौथीला शिकवायची. चौथी म्हणजे तिचा जीव. शहात्तर साली मुंबईत तिच्या मेंदूतली गाठ काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखणं चढायची वाट बघू नका, घड्याळ बघून गोळी घ्या, वाकू नका, आणि रोज किती दुखलं ते लिहून ठेवा. आत्याला लिहिताना अंधारी यायची. म्हणून त्याच शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या, शेजारच्या सोनूबाई लिहायच्या. खिडकीला गोधडी लावायच्या, डोक्यातली उष्णता उतरावी म्हणून काशाच्या वाटीनं आत्याचे तळपाय घासायच्या. आम्हाला तर त्या देवमाणूस वाटायच्या!

"लिहा, आज बारा आणे," आत्या सांगायची. दुखणं सोळावरून बारावर आलं, मग चारवर. त्या दिवशी आत्यानं शिरा केला. डॉक्टरांना दाखवायला वही नीट उतरवून देते म्हणून सोनूबाई ती घरी घेऊन गेल्या.

शाळा उघडली तेव्हा वही हेडमास्तर साहेबरावांच्या टेबलावर होती.

"बाई, चार आण्याच्या डोक्यानं चौथी कशी चालंल? तुम्ही पहिली घ्या. चौथी सोनूबाईंना दिली."

"सर, ते दुखण्याचे आणे हायेत! चार म्हंजे बिलकुल कमी. सोनूबाई, सांगा की, तुम्हीच लिहिलंय."

सोनूबाईंनी पदर सावरला. "मला काय ठाऊक? बाई बोलल्या, मी लिहिलं."

केसानं गळा कापला त्या बाईनं. आज इतकी वर्षं झाली, तरी माझं रक्त उकळतं.

आणि धाडस बघा, त्याच संध्याकाळी ती काशाची वाटी घेऊन दारात हजर! "द्या पाय इकडं, दगदग झाली आसंल."

आत्यानं पाय पोटाशी ओढून घेतले.

"डोकं दोनच आणे दुखून राह्यलं, सोनूबाई," ती म्हणाली. "पण तुम्ही हात लावलेले हे पाय जळून राह्यलेत. त्याला कोन्ती गोळी घिऊ?"