अर्धी राहिलेली फेरी

दुपारच्या शांततेत भांड्यांच्या टोपलीतली एक वाटी आपोआप घसरते आणि खणकन वाजते.

संपदा दचकते. रेवा मात्र गाढ झोपलीय. तोंड उघडं, एक पाय आईच्या पोटावर. तो पाय न हलवता संपदा फोनवर उद्याची वाट पुन्हा बघते. वाडीतून देवराई, मग झरा, चढ चढून वाऱ्याचा कडा, आणि आल्या वाटेनं न फिरता पलीकडच्या सोंडेनं उतरून परत वाडीत. डोंगराला एक फेरी. फार अवघड नाही. सहा वर्षांचं लेकरू चालेल, दमलं तर घ्यायचं कडेवर.

अवघड नाही असं शलाकाही म्हणाली होती. शलाका म्हणजे तिची धाकटी नणंद. गेल्या मार्गशीर्षात एकटीच गेली, कड्यावर पाय घसरला, फेरी अर्धीच राहिली. तेव्हा भेटायला आलेली माणसं काही न बोलता उठून जायची. दुःखाच्या घरातून कुणी ‘येतो’ म्हणून निघत नाही. रेवा तेवढी, शिकवल्याप्रमाणे, दाराशी उभी राहून प्रत्येकाला ‘पुन्हा या हं’ म्हणायची आणि सासूबाई धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवायच्या.

वर्षश्राद्ध झालं आणि संपदाच्या नवऱ्याच्या, तुषारच्या मनानं घेतलं की बहिणीची उरलेली फेरी आपण तिघांनी पुरी करायची. सासूबाई म्हणतात, तुम्ही कुठे जायचं ते जा, लेकराला नेऊ नका. संपदानं संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलंय. काय सांगायचं ते तिचं तिलाच उमगत नाही. डोळ्यांवर झापड येते. टोपलीत आणखी एक वाटी वाजते.

ओट्याशी कुणीतरी भांडी नीट लावतंय.

“वहिनी, माहेरी भांडी रचायला शिकवलं नाही वाटतं?”

“आधी बूट काढ. फरशी आत्ताच पुसलीय,” संपदा म्हणते.

शलाका हसते. बुटांना ओली पानं चिकटलीत. तिची मान जराशी एका खांद्याकडे कललीय आणि हसतानाही ती सरळ होत नाही. संपदाला त्याचं काही वाटत नाही. चहा टाकावा म्हणून ती ओट्यावर हात टेकते, तर ओटा गार आहे, शेवाळलेला. नळाचं पाणी दगडावरून खाली उतरतंय. वर जांभळीची गच्च झाडं, खाली ऊन म्हणून नाही.

शलाका पूर्वीसारखीच सगळं समजावून सांगते. पाणी इथेच भरून घ्या, पुढे थेंब मिळायचा नाही. सोंडेवर कारवी माजलीय, दगडांवरचे बाण पुसून गेलेत. कड्यावर वारा दुपारनंतर सुटतो. संपदा मान डोलवत ऐकते आणि तिला हलकं हलकं वाटतं. वाट माहीत असलेलं माणूस बरोबर आहे, आता कसली काळजी.

रेवा एका मुळावर बसलीय, नवे बूट पुढे करून. आत्या गुडघ्यावर बसून तिच्या लेस बांधते, तिच्या त्या खास गाठीनं: दोन वेढे, टोकं आत बुजवलेली. “ही माझ्याशिवाय कुणाला सुटायची नाही,” ती म्हणते. तिच्या नखांत माती आहे.

संपदा एक पाऊल पुढे टाकते आणि कडा येतो. चादरीची किनार फडफडावी तसं गवत फडफडतंय. त्यापुढे काही नाही. तळ दिसत नाही. खालून नुसता फिनेलचा वास येतो.

“फार कंटाळा येतो गं वहिनी. बोलायला कुणी नाही.”

“तुषारला पाठवू?”

“दादा नको. तो रडत बसेल. हिला आण.”

“लहान आहे ती.”

“म्हणूनच. मी घेईन ना कडेवर.”

संपदा रेवाचा हात धरते. आता निघायला हवं, पण न बोलता कसं निघायचं? घरच्या माणसाचा निरोप घ्यावा तसं, जन्माच्या सवयीनं ती म्हणते, “येते हं, शलाका.”

शलाकाचा चेहरा उजळतो. “ये. मी आहेच.”

तो शब्द परत घ्यायला संपदा तोंड उघडते आणि जागी होते.

शेजारची जागा रिकामी आहे. रेवा खाली फरशीवर बसलीय, पायांत उद्यासाठी आणलेले, लेसचे नवे बूट. शाळेच्या बुटांना पट्टा आहे. लेस बांधणं तिला अजून येत नाही. संपदा वाकून बघते. दोन वेढे. टोकं आत बुजवलेली.

ती नखांनी ओढते, दातांनी ओढते. गाठ ढिली होत नाही. मग ती शिवणाच्या डब्यातली कात्री आणते, दोन्ही लेस कापते आणि बूट उपसून काढते. तुषारला फोन लावून एवढंच सांगते, की आपण जात नाही, मी नाही, रेवाही नाही. तो कारण विचारतो. ती फोन ठेवते.

रेवा कापलेल्या लेसचा तुकडा बोटाला गुंडाळत बसलीय.

“पण आई, झोपेत तू आत्याला ‘येते’ म्हणालीस.”

संपदा तिला उचलून कडेवर घेते, घट्ट.

“मग आत्या किती वेळ थांबेल?”